मागच्या गल्लीचा हिरवा रंग

मला राग पटकन येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

वर्ध्याच्या कडेला आमची वस्ती. आमच्या वरच्या खोलीत आष्टीची एक मुलगी भाड्याने राहायची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. वडिलांनी तिला एका अटीवर पाठवलं होतं: काही वेडंवाकडं झालं, तर शिक्षण बंद आणि परत घरी. क्लास सुटेपर्यंत अंधार पडायचा. मग वडील तिकडे आष्टीत फोनवर नकाशा उघडून बसायचे आणि आज कुठून यायचं ते तिला सांगायचे.

तो नकाशा इथल्याच कॉलेजच्या मुलामुलींनी केला होता. कुठे दिवे बंद, कुठे नालीवर झाकण नाही, कुठे टवाळ पोरं उभी असतात, हे पायी फिरून त्यांनी भरलं. धोक्याचा रस्ता लाल, बरा तो हिरवा. नकाशा सगळ्यांसाठी खुला, कुणीही आपलं मत टाकावं. ज्या रंगाला मतं जास्त, तो रंग. आमची मागची गल्ली लाल होती, आणि ते बरोबरच होतं. तीन खांब, एकही दिवा नाही, वळणावर उघडी नाली. त्याची साधी तक्रारही आम्ही कधी लिहून दिली नव्हती.

हळदीकुंकू शेजारच्या काकूंकडे होतं. त्यांच्या मुलीला बघायला रविवारी देवळीचे पाहुणे येणार होते. तिळगूळ वाटता वाटता काकूंनी फोन पुढे केला.

"पोरीच्या लग्नाच्या टायमाले गल्लीले लाल काऊन केलं? देवळीवाले पाह्यतीन तं काय म्हणतीन? झाकली मूठ सव्वा लाखाची."

दिवा लावून घ्यावा, असं एकीलाही सुचलं नाही. रंग बदलायचं मात्र लगेच सुचलं. मांडीवर वाण ठेवून अकरा बायकांनी फोन काढले, आणि अकरावी मी. मला पटत नव्हतं. पण नुकतंच कुंकू लावून घेतलं, आता यांचं मन कुठे मोडायचं, म्हणून मीही हिरव्यावर बोट ठेवलं. खरं बोला म्हणून जन्मभर शाळेत पोरांच्या कानीकपाळी ओरडलेली बाई मी. आम्ही उठायच्या आत गल्ली हिरवी झाली. काकूंनी खुशीत पुन्हा चहा टाकला. वर राहणाऱ्या मुलीची मला आठवणसुद्धा झाली नाही.

दोनच दिवसांनी पुढचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदला. आता एक तर लांबचा वळसा, नाही तर मागची गल्ली. त्या संध्याकाळी मागून किंचाळी ऐकू आली, तशी मी टॉर्च घेऊन धावले. मुलगी नालीत पडली होती. उजवा हात मनगटात मोडला होता. गल्ली आता सुधारली असं बाबा म्हणाले, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत होती.

सकाळच्या बसने वडील आले. माणूस चिडेल, चार शब्द सुनावेल, म्हणून मी तयार होते. ते खाली मान घालून बसले.

"मायीच चूक झाली, बाई. हिरवं दिसलं, तं मीच म्हटलं तिले, मागून येजो."

ते मला ऐकवेना. "तुमची नाई, भाऊ. ते हिरवं आमी केलं. त्यात एक बोट मायं होतं."

त्यांनी वर पाहिलं. "काऊन?"

देवळीच्या पाहुण्यांसाठी, असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते मुलीची बॅग उचलून निघाले. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून ती मागोमाग गेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

रविवारी पाहुणे गाडीतून आले, पोहे खाऊन गेले. नकाशा कुणी उघडला नाही, मागच्या गल्लीकडे कुणी फिरकलंही नाही. मी तक्रार लिहून दिली, माझं मत लाल केलं आणि तुम्हीही मत बदला म्हणून दहाही जणींच्या दारी गेले. लग्न पार पडू दे, मग पाहू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

वरची खोली रिकामी आहे. गल्ली अजून हिरवीच आहे.