दहा मोजेपर्यंत

जमिनीवर काडीचाही विश्वास नसलेली आणि तरी तिच्यावर सगळ्यांत भक्कम उभी राहिलेली एकच बाई मी लातुरात पाहिली: आमच्या मागच्या गल्लीतल्या मेसवाल्या मावशी. भूकंपात गाव गेलं, त्या लातुरात आल्या, आणि क्लासेसमुळे गावोगावच्या मुली शहरात येऊ लागल्या तेव्हा त्यांनी वीस कॉटचं वसतिगृह काढलं. मावशी जेवायला बसत त्या दाराकडे तोंड करून. लग्नात मांडवाच्या कडेची खुर्ची धरत. फोन वाजला की आधी अंगणात जात, मग उचलत. दर शनिवारी भर नाश्त्यात अचानक पितळी ताट बडवून मोठ्याने दहा मोजत. तेवढ्यात झाडून सगळ्या मुली अंगणात हव्यात. एकदा एकजण केमिस्ट्रीचं पुस्तक घ्यायला मागे वळली. "डॉक्टर पुस्तक व्हणार हाय, का तू?" मावशींनी विचारलं. पुढच्या शनिवारी ती चपलाही न घालता पळाली.

मग समोर लिफ्टवालं पाचमजली वसतिगृह झालं आणि मावशींच्या अकरा कॉट रिकाम्या पडल्या. जूनमध्ये भरल्या नाहीत तर कुलूप लावायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी नुकतीच, पंचेचाळिशीत, वेबसाइट करायला शिकले होते. पहिलं काम म्हणून त्यांचं घेतलं. माझी एकोणीस मुद्द्यांची यादी तयारच होती: सरकते फोटो, स्वागत, आमचं ध्येय, वगैरे. साइट झाल्यावर मावशींनी मुरुडहून लेकीला भेटायला आलेल्या एका आईला समोर बसवलं. तिच्याच तडकलेल्या काचेच्या फोनवर साइट उघडायला लावली. म्हणाल्या, "पोरीला ताप आलाय समज. मला फोन लाव." आणि ताट बडवून मोजू लागल्या.

चारपर्यंत फोटोच उघडत होते. दहाला 'आमचं ध्येय' आलं. सव्वीसला नंबर सापडला, अगदी तळाशी, मुंगीएवढा.

"ताई, तवर घर पडलं की वो," मावशी म्हणाल्या. "ह्ये कुणासाठी केलंय? तुमच्यासाठी का हिच्यासाठी?"

दुसऱ्यासाठी पहिली वेबसाइट करायला निघालेल्या कुणालाही मी तेव्हापासून एवढंच सांगते: काम देणाऱ्याचं ऐका, पण त्याच्याकडे येणारं माणूस आधी बघा. त्याचा फोन त्याच्याच हातात राहू द्या आणि आपण गप्प बसा. गप्प बसणंच अवघड. मी आठ दिवस ओठ चावत बसले. रोज नवी आई, रोज ताट, रोज माझ्या यादीवर काट. शेवटी उरलं काय? ठसठशीत नंबर, पत्ता आणि अंगणात उघडणाऱ्या दाराचा फोटो. "जेवणाचा तरी टाकू द्या," मी विनवलं. "जेवण समदेच दावतेत," मावशी म्हणाल्या. आठव्या आईने नवाला फोन लावला.

जूनमध्ये लोह्याहून एक बाई लेकीला घेऊन आली. म्हणाली, "शेतात उन्हानं फोनवर काईच दिसंना. नंबर तेवढा दिसला. अन् ते दार." महिनाअखेर एक कॉट उरली, तीही मावशींनी आजारी मुलीजवळ राहणाऱ्या आयांसाठी राखून ठेवली.

त्या दिवशी मी विचारलं, दहाच का? त्या ताट पुसत म्हणाल्या, "आमी भाईर आलो व्हतो. सासूबाई दारापर्यंत आल्या व्हत्या, अन् घर बसलं. तवा कोण मोजतंय? मागनं मोजलं, लई येळा. धाच व्हतेत."

आता वसतिगृह त्यांची एक जुनी मुलगी चालवते. मावशी नांदेडला लेकाकडे असतात. मी फोन लावते आणि नकळत मोजू लागते. परवा नऊ झाले तरी उचलेनात. दहाला आवाज आला, "बोला ताई. गुडघे धरलेत, दारापर्यंत यायला टाईम लागला."