दार आत उघडतं की बाहेर

दार आत उघडतं की बाहेर, एवढंच मला विचारायचं होतं. पण प्रश्न ऐकताच प्रकाशकाका आणि शिरीषकाकांनी हातातले चहाचे कप खाली ठेवले. पुढे कितीतरी वेळ मी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या गच्चीवर नुसती मान इकडून तिकडे फिरवत बसले.

मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. बोललेलं हातांनी सांगते, हातांनी सांगितलेलं बोलते. माझं बरंचसं काम कोर्टात, दवाखान्यात आणि कॉलेजच्या वर्गात चालतं. तिथे गाणी नसतात. पण नाशिकच्या एका जुन्या रॉक बँडने पुन्हा एकत्र येऊन कार्यक्रम करायचं ठरवलं. कर्णबधिर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याच्या पुढच्या रांगा मागितल्या, म्हणून मला बोलावणं आलं. प्रकाशकाका या बँडचे गायक, शब्द त्यांचे. शिरीषकाका गिटारवाले, चाल त्यांची. दोघांचेही केस पिकलेत. तरुणपणातला आवाज मात्र भांडताना अजून लागतो.

बँडची बाकीची गाणी मला अडली नाहीत. अडलं ते 'दार', आणि लोक तर त्याच एका गाण्यासाठी तिकिटं काढत होते. आमच्या कॉलेजचं प्रत्येक गॅदरिंग त्यानेच संपायचं. त्याचं ध्रुवपद असं:

दार उघडं आहे, चल,
मागे वळून बघू नकोस, चल.

हे गाणं कशाबद्दल आहे, यावर नाशकात कधी एकमत झालेलं नाही. कॉलेजची पोरं म्हणतात, पळून जाऊन लग्न करण्याबद्दल. सातपूरच्या एका कंपनीत संप होता तेव्हा ते गेटवर म्हटलं गेलं. तिथल्या माणसांना अजून वाटतं की ते कामगारांसाठीच लिहिलंय. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात ते पाठवणीला लावलं आणि सगळं कार्यालय रडलं. आमच्या शेजारच्या आजोबांच्या शोकसभेतही ते वाजलं, आणि तिथेही शोभलं.

मराठीत 'चल' म्हटलं की भागतं. घरात बोलवायलाही चल, घराबाहेर काढायलाही चल. सांकेतिक भाषेत येणं-जाणं हाताच्या दिशेवरून कळतं. हात माझ्याकडे आला तर ये, माझ्यापासून लांब गेला तर जा. दार दाखवायचं तर मी दाराच्या कुठल्या बाजूला उभी आहे, हेही आधी ठरवावं लागतं. तोंडाने मोघम बोलता येतं, हातांनी येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. म्हणून मी गच्चीवर जाऊन विचारलं.

"बाहेर," प्रकाशकाका म्हणाले. "मुलगा घर सोडून निघालाय. आई म्हणतेय, जा, अडकू नकोस. मला पुण्याला नोकरी लागली तेव्हाचं आहे ते."

"साफ खोटं," शिरीषकाका म्हणाले. "वर्षा, तू याचं ऐकू नकोस. आमचा ड्रमर नापास झाला होता. तोंड दाखवायला लाजायचा, रिहर्सलला यायचाच नाही. त्याला सांगितलंय, दार उघडं आहे, आत चल."

"शब्द कोणी लिहिले?" प्रकाशकाका म्हणाले.

"चाल आधी झाली होती! आणि चाल शेवटी पहिल्या सुरावर परत येते. सूर घरी आला म्हणजे माणूस घरी आला. साधी गोष्ट आहे."

"साधी तुझ्यासाठी."

"आणि काय रे, मागे रेडिओवर तू तिसरंच सांगितलंस. म्हणे ते गोदाघाटावर सुचलं, आत्म्याबद्दल आहे."

प्रकाशकाकांनी कप पुन्हा उचलला. मग शांतपणे म्हणाले, "तेव्हा तो अर्थ होता."

मी कार्यक्रमाच्या मॅनेजरला, केतनला, फोन केला. म्हटलं, ध्रुवपदाचा अर्थ ठरत नाहीये.

"मॅडम, तुम्हाला जो बरा वाटेल तो घ्या ना. लोक लाइटिंग बघणार आहेत."

"पुढच्या रांगेतले लोक माझे हात बघणार आहेत."

"मग मतदान घेऊ?" तो अगदी मनापासून म्हणाला.

त्याला हे सोपं वाटत होतं, मला वाटत नव्हतं. ऐकणाऱ्या माणसाला हे गाणं आयुष्यभर कुठे ना कुठे ऐकू येतं. एकदा प्रेमात असताना, एकदा घर सोडताना. दर वेळी त्याला वेगळं काही सापडतं. पुढच्या रांगेतल्या माणसांना ते बहुधा एकदाच, माझ्या हातांतून मिळणार होतं. मी 'जा' म्हटलं की त्यांच्यासाठी ते कायमचं 'जा' होणार.

आमच्या धंद्यात अशा वेळी एका कर्णबधिर माणसासमोर काम करून दाखवतात. भाषा त्यांची, त्यामुळे चूक त्यांना पटकन दिसते. मी नंदाताईंकडे गेले. त्या शिरीषकाकांच्या थोरल्या बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. बँडची सुरुवातीची रिहर्सल त्यांच्याच घरात व्हायची, आणि त्या ड्रमवर हात ठेवून बसायच्या.

मी त्यांना आधी प्रकाशकाकांचं 'दार' दाखवलं. घर, आई, उघडणारं दार, लांब जाणारा हात. मग शिरीषकाकांचं. घर, मित्र, उघडणारं दार, जवळ येणारा हात.

"यातलं खरं कुठलं?" त्यांनी हातांनी विचारलं.

"तेच ठरत नाहीये. तुम्हाला कुठलं आवडलं?"

नंदाताईंचा चेहरा उतरला.  मग त्या म्हणाल्या, "हे गाणं माझ्या घरात जन्मलं. तेव्हापासून जो येतो तो कागदावर मला त्याचा अर्थ लिहून देतो. भावाने दिला, प्रकाशने दिला, शाळेतल्या बाईंनी दिला. सगळ्यांनी उत्तर दिलं. गाणं कोणीच दिलं नाही. आता तूही उत्तरच घेऊन आलीस."



"मूळ शब्दांत घर आहे का?" त्यांनी विचारलं.

मी मनातल्या मनात गाणं म्हणून पाहिलं. "नाही."

"आई आहे? मित्र?"

"नाही."

"मग तू कशाला घर बांधलंस?"

मी हसले, मग त्याही हसल्या. आम्ही घर पाडायला घेतलं. आई काढली, मित्र काढला. उरलं फक्त दार. ते समोरून दाखवलं की माझी बाजू ठरत होती, म्हणून नंदाताईंनी मला खांदे धरून आडवं वळवलं. आता दार प्रेक्षकांना कडेने दिसत होतं. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. राहिलं 'चल'. तिथे माझा हात सवयीने आत किंवा बाहेर जायचा. बऱ्याच खटपटीनंतर त्यांनी माझी दोन बोटं शेजारी शेजारी उभी केली, म्हणजे दोन माणसं, आणि दारातून सरळ पार नेली. ती आत गेली की बाहेर पडली, हे बघणाऱ्याने ठरवायचं. मग त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मला ते पुन्हा करायला लावलं. पुन्हा, आणि अजून एकदा. शेवटच्या वेळी त्यांनी डोळे पुसले आणि चहा ठेवायला गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी केतनने पुढच्या रांगांत फुगे वाटले होते. फुगा दोन्ही हातांत धरला की संगीताची थरथर तळव्यांना कळते. मागच्या एका बाईंनी कोणाचा वाढदिवस आहे म्हणून विचारलं. त्याआधी साउंड चेकला प्रकाशकाकांनी मला बाजूला घेतलं होतं. "बाहेरच ना?" मी नुसती मान हलवली. थोड्या वेळाने शिरीषकाकांनी विचारलं, "आतच ना?" त्यांनाही मी मान हलवली.

'दार' शेवटी आलं. सगळं सभागृह उभं राहिलं. मी आडवी वळले आणि दोन बोटं दारातून पार नेली. दुसऱ्या ध्रुवपदाला पुढच्या रांगेतल्यांनी फुगे काखेत मारले आणि त्यांचे हात माझ्याबरोबर हलायला लागले. तिसऱ्याला फुगे सुटून वर गेले आणि मागच्या रांगांनीही हात उचलले. नंदाताई पहिल्या खुर्चीपाशी उभ्या होत्या. त्यांचे हात सगळ्यांत उंच.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या अंगणात मला घोळका दिसला. मधोमध भारत आणि सुनीता, शाळेचे माजी विद्यार्थी, नवरा-बायको. दोघांचे हात सपासप चालले होते.

"ते दोघं पळून गेले!" सुनीता म्हणत होती.

"छे, परत आले! वर्षाचा चेहरा बघितलास ना?"

मी दिसताच सगळे माझ्याकडे वळले. खरं काय? मी खांदे उडवले. नंदाताई घोळक्यात घुसल्या आणि म्हणाल्या, "कुठेही गेलेले नाहीत. दारातच भांडत उभे आहेत, तुमच्यासारखे." यावर आणखी चार जण तुटून पडले.

तेवढ्यात प्रकाशकाका आले. "काय म्हणतायत गं?"

मी बोलून सांगितलं. त्यांनी घसा खाकरला. "सांग त्यांना, त्याचा खरा अर्थ असा..." शिरीषकाकांनी त्यांना दंडाला धरून मिसळ खायला नेलं.

इतकी वर्षं हा वाद नाशकात ऐकणाऱ्यांपुरताच होता. त्या संध्याकाळी कर्णबधिर मंडळींनाही त्यात भांडायला मिळालं. अंगणातले दिवे मालवेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

हल्ली गाण्याचं काम आलं की मी कवीला फोन करते. शब्द नीट लिहून घेते, उच्चार विचारते, गाणं किती वेळ चालतं ते विचारते. अर्थ मात्र विचारत नाही. विचारला की ते सांगतात.