दोन पाइपांचे नाना

लिहिणार : मी स्वतः, जळगावच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल मांडून अर्ज लिहिणारा; शिक्षण सातवी, अनुभव दीर्घ. ज्यांच्याविषयी : नाना वायरमन, राहणार सोनगीर, जिल्हा धुळे, हल्ली हयात नाहीत. काळ : ऐंशीच्या दशकाची अखेर. ठिकाण : जळगावातील एक डाळमिल. साक्षीदार पहिली : सरूबाई, जामनेरकडची, त्याच मिलमधील कामगार. साक्षीदार दुसरा मीच असून माझी साक्ष माझ्याविरुद्ध आहे.

मिलमध्ये नानांनी मोटारीसाठी भिंतीवर एकच पाइप लावला असे कधी घडले नाही. मोटारीला वीज नेणाऱ्या जाड तारा एका पाइपातून आणि चालू-बंदच्या बटनांच्या बारीक तारा दुसऱ्या पाइपातून, हा त्यांचा नेम. त्या बारीक तारांना बाकीचे वायरमन कंट्रोल म्हणत, नाना हुकूम म्हणत. "जोरनी तार येगळी, हुकूमनी तार येगळी," ते सांगत. "दोन्ही एक जागे घासायन्यात, मंग हुकूम कोन ऐकी?"

आम्ही दोघे एका खोलीत भाड्याने राहत होतो. संध्याकाळी मी परतलो की स्टोव्हला पंप मारता मारता ते विचारीत, "काय कलेक्टर, आज कोनले फाशी दिन्ही?" माझ्या पदाची अशी थट्टा मी दुसऱ्या कोणाची खपवून घेतली नसती. पण हाच मनुष्य माझा प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचायला लावी आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐके. त्यांना स्वतःला सहीपुरतीच अक्षरे येत होती.

एकदा नाना पुतणीच्या लग्नासाठी सोनगीरला गेले. हंगाम जोरात होता, नवी मोटार बसवायची होती आणि पाइप कमी पडत होता. मुकादमाने नानांचा बटनांचा पाइप उतरवून नव्या मोटारीला लावला आणि त्यातल्या बारीक तारा जाड तारांच्या पाइपात कोंबल्या. नाना परतले तेव्हा भिंतीवर नुसते रिकामे क्लॅम्प उरले होते.

"नाना, चालतंय ना सगळं? मग कशाला कुरकुर?" मुकादम म्हणाला.

"चालस रे भाऊ," नाना म्हणाले, "पन थांबी का?"

पंधरा दिवसांत तेच झाले. सरूबाईचा पदर मोटारीच्या पट्ट्यात गेला. शेजारणीने बंदचे बटन दाबले, पुन्हा दाबले, मोटार थांबेना. पाइपाच्या आतल्या वाकणात तारांचे वेष्टन घासून गेले होते. जाड तारेतली वीज बारीक तारेत शिरून, बंदचे बटन दाबले तरी, मोटारीचा स्टार्टर सुटू देत नव्हती. नानांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. सरूबाई वाचली, परंतु तिचा उजवा हात कायमचा अधू झाला.

मिलने खुलासा मागितला तो नानांकडे. त्यांचे उत्तर अर्थातच मी लिहिले. चार पाने, मुद्देसूद, पाइप कोणी व केव्हा काढला याच्या तपशिलासह. अखेरीस आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे लिहिले, 'तरी अर्जदाराकडून काही कसूर झाली असल्यास उदार मनाने क्षमा व्हावी.'

वाचन ऐकताना नानांनी डोळे उघडले. "कलेक्टर, हाई शेवटलं कसाले?"

"नाना, ही अर्जाची रीत आहे. याशिवाय अर्ज उद्धट दिसतो."

"मन्ही कसूर नही, मंग माफी कसानी?"

"अर्ज कोण लिहितो, तुम्ही की मी?"

त्यांनी सही केली. आठवड्याने हुकूम आला. अर्जदाराने कसूर लेखी मान्य केली आहे, सबब कामावरून कमी. माझी पहिली साडेतीन पाने कोणी विचारात घेतल्याचे त्यात कोठेही दिसत नव्हते.

मी त्यांना तो वाचून दाखवला. ते रागावले नाहीत. पत्र्याची पेटी बांधता बांधता एवढेच म्हणाले, "भाऊ, तू बी दोन्ही एकच पाइपमा टाकी दिन्हं." त्या दिवशी त्यांनी मला कलेक्टर म्हटले नाही.

सोनगीरला ते विहिरींवरच्या मोटारींची कामे करीत राहिले. मी तेव्हापासून हकीकत एका कागदावर आणि विनंती दुसऱ्या कागदावर लिहितो. कचेरीतले कारकून कुरकुरतात, पण मी ऐकत नाही. सरूबाई तो अधू हात घेऊन माझ्या टेबलाशी येई आणि म्हणे, "नानांचं काही करा ना, भाऊ." मी मिलला तीन अर्ज केले. नाना गेले तोवर एकाचेही उत्तर आले नव्हते.

सबब विनंती, की त्या मिलचे जुने दप्तर आज ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी नाना वायरमन यांच्या नावापुढील कसुरीचा शेरा रद्द करावा. ती कसूर मुकादमाची, व तिच्यावर नानांची सही घेणारा मी. उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवू नये. ते सोनगीरला नानांच्या पत्नीकडे, अक्कांकडे पाठवावे. अक्कांना वाचता येत नाही. सबब ते एकदा वाचून दाखवताच कळेल इतक्या साध्या शब्दांत असावे.