शोधायच्या पट्टीत लिहिलेलं पत्र

आधीच सांगून ठेवते, मी लिंबाचं सरबत करते, लिंबू दारावर टांगत नाही. चाळीस वर्षं लातुरात बायकांचे ब्लाउज शिवले. अमावस्येला कापडाला कात्री लावू नका म्हणणाऱ्यांचे ब्लाउज मी मुद्दाम अमावस्येलाच कापले, आणि एकीचाही खांदा उसवला नाही. टेपनं मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण या सदरात लोक आपापले अनुभव लिहितात आणि वाचणारे निदान तोंडावर तरी हसत नाहीत, म्हणून धीर केला.

माझं वय एकसष्ट. मिस्टरांना जाऊन पाच वर्षं झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तसं मुलानं शिलाई मशीनवर चादर घातली ती घातलीच. बसून बसून जीव आंबला. तेवढ्यात आमच्या भागातल्या वाचनालयानं म्हाताऱ्या माणसांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला - मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार. सुनेला म्हटलं, "वेळ जात नाही गं, म्हणून जाते." ते खोटं होतं. मला एका बाईला शोधायचं होतं.

तिचं नाव गोदावरी. माझं माहेर हदगावचं. तिथल्या शिवणक्लासात आम्हा दोघींत मिळून एक मशीन होतं; ती पाय चालवायची, मी कापड सरकवायचे. ती अठराची, मी सतराची. त्या वर्षी तिला बघायला लातूरहून पाहुणे आले. शहाण्या आया मुलगी दाखवायच्या दिवशी तिच्या मैत्रिणींना घरात फिरकू देत नसत. गोदाची आई भोळी, तिनं मला मदतीला बोलावलं. गोदा पोह्यांचा ट्रे घेऊन उंबऱ्यापाशी उभी होती. मी म्हटलं, "हात थरथरून राहिलेत की तुझे, सांडशील. आण इकडं." आणि ट्रे घेऊन मीच बाहेर गेले.

पाहुणे मला पसंत करून गेले. दोन महिन्यांत मी लातूरला नांदायला आले. दोन्ही घरं तोलामोलाची, कोणी भांडलं नाही. गोदा मात्र लग्नाला आली नाही. मिस्टर चारचौघांत हसून सांगायचे, "मैत्रिणीचे हात थरथरले म्हणून आमचं जुळलं." मीही हसायचे. पुढं कानावर आलं की गोदाला कर्नाटकाच्या हद्दीकडं कुठंतरी दिलं. तिचे भाऊ हदगाव सोडून गेले आणि माग तुटला. मरायच्या आधी मला तिची माफी मागायची होती, एवढंच.

आता गोदाला शोधायचं कसं? आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मी चंपाची मंगल झाले, ते असंच. लातुरात मला चंपा म्हणणारं कोणी नाही. माझ्या मुलालासुद्धा ते नाव धड आठवत नसेल. मग गोदाची कोण झाली, मला काय ठाऊक? गाव बदललं, आडनाव बदललं, नाव बदललं. आमच्या पिढीतली बाई लग्न झालं की कागदावरून पुसलीच जाते. तरी वाटायचं, कॉम्प्युटरला सगळं माहीत असतं म्हणतात, बघू तरी.

शिकवायला निकहत मॅडम होत्या. पंचवीस-सव्वीसची हसरी पोर, आम्हाला काकू-काका म्हणायची, आम्ही तिला मॅडम म्हणायचो. वाचनालयात पाच कॉम्प्युटर. मराठी अक्षरं उमटणारा एकच, चार नंबरचा, खिडकीजवळचा. तो मी अडवला. बाकीच्यांना तो नकोच होता, कारण तिथं ऊन यायचं.

पहिले दोन दिवस उंदीरच हातात राहीना. मी तो हवेत उचलायचे आणि पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. मग हळूहळू जमलं. वरच्या कोपऱ्यात डावीकडं तोंड केलेला बाण - मागं जायचा. उजवीकडचा पुढं जायचा. गोल फिरलेला बाण म्हणजे पान नव्यानं आणायचं. अधिकची खूण दाबली की नवं पान उघडतं, जुनं तसंच शेजारी उभं राहतं. फुली दाबली की बंद. मला आधी वाटलं, माझं काही चुकलं म्हणून ती फुली आलीय. मी घाबरून ती पुसायला दाबायचे आणि सगळंच नाहीसं व्हायचं. निकहत डोक्याला हात लावायची. "काकू, फुली म्हणजे नापास न्हाई हो! दार हाय ते, बाहेर जायचं."

आणि मधली ती लांब पांढरी पट्टी. निकहत म्हणाली, "जे पायजे ते इथं लिहायचं आणि एंटर मारायचं." मला गोदा पाहिजे होती. मी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं - 'प्रिय गोदावरीस सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, हदगावच्या शिवणक्लासातली तुझी मैत्रीण तुझी आठवण काढते. तू जिथे असशील तिथून कळव. तुझी मंगल.' अर्धा तास लागला. एंटर मारलं.

निकहतनं येऊन पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरून हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "काकू, इथं चिठ्ठी न्हाई लिहायची. हे कुणाला पोचत न्हाई. इथं फकस्त शोधायचं असतं." मी म्हटलं, "शोधूनच तर राहिले." तिनं माझी चिठ्ठी पुन्हा वाचली. "आणि काकू, तुम्ही मंगल लिवलं... तिला मंगल म्हाईत हाय का?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीनं मी सासरचंच नाव लिहून बसले होते. गोदाला मंगल कोण, ते कळणार कसं!

पुढचा शुक्रवार. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. कुलरच्या वाळ्याचा ओला वास, खिडकीच्या पडद्यातून येणारा पिवळट उजेड, शेजारी पेन्शनर काका डुलक्या घेतायत. पडद्यावरचा उजेडही हलल्यासारखा वाटत होता. मी जागी होते का, असं विचाराल तर होते. सुपारी चघळत होते.

त्या पट्टीवर टिचकी मारली की खाली छोटी यादी उघडते. आधी लिहिलेलं, लोक नेहमी शोधतात ते, असं काहीबाही असतं. त्या दिवशीही उघडली. लातूर सोलापूर बस. गुडघेदुखी उपाय. आणि तिसरी ओळ -

'चंपे लई उशीर केलास'

मी तशीच बघत राहिले. भीती वाटली नाही, आधी हेच सांगते. माहेरच्या अंगणातून कोणी हाक मारावी आणि आपण 'ओ' द्यावी, तसं झालं. मग हात हलला, यादी मिटली. निकहतला बोलावलं तर ओळ गायब. "काकू, जेवण करून आलं की मलाबी पडद्यावर बिर्याणी दिसती," ती म्हणाली.

मंगळवार उजाडायची वाट बघितली. गेले, बसले आणि पट्टीत लिहिलं, 'गोदे तू हायस का'. एंटर मारलं न मारलं तोच खाली उमटलं - 'हाय'. नुसतं तेवढंच.

'कुठं हायस'

'निलंगा. पिठाच्या गिरणीमागं'

अक्षरं हळूहळू यायची, पाण्याखालून वर आल्यासारखी. मला वाटलं, मी स्वप्नात आहे आणि स्वप्नात फार चांगलं टाइप करतेय. 'नाव काय ठेवलं तुझं' असं विचारलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "ही सुलोचना कोण, काकू?"

निकहत माझ्या खुर्चीमागं उभी होती. तिनंच वाचलं, माझ्याआधी! मी सगळं सांगितलं. ती वाकली आणि मशीनवर आजवर काय काय उघडलं त्याची यादी तिनं काढली; हिस्टरी म्हणतात तिला. त्यात माझ्या तिन्ही ओळी होत्या. हाय, निलंगा, सुलोचना यातलं एकही अक्षर नव्हतं. निकहतनं ओढणी सारखी केली आणि हळूच म्हणाली, "काकू, आज हितंच थांबा."

थांबणारी असते तर मी मी कसली! शुक्रवारी पुन्हा बसले. माफीच मागायची ठरवून आले होते. पण वाकडी सवय हो... चव्वेचाळीस वर्षं जे सांगत आले तेच बोटांतून उतरलं. 'गोदे त्या दिवशी तुझे हात थरथरत होते म्हणून मी ट्रे' - एवढंच लिहून झालं होतं. यादी उघडली. तिच्यात एकच ओळ.

'माझे हात थरथरत नव्हते'

खरं आहे ते. नव्हतेच थरथरत. मी आधीच खिडकीतून त्यांना पाहिलं होतं - निळा शर्ट, चष्मा काढून रुमालानं पुसत होते. मला ते आवडले. म्हणून मी ट्रे घेतला. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, देवाला सांगितलं नाही, स्वतःलाही कधी सरळ सांगितलं नाही. मशीनला कुठून कळणार?

फुली दाबली आणि बाहेर पडले. घरी आल्यावर पाय भाजलेले दिसले तेव्हा कळलं की चपला वाचनालयातच राहिल्या.

मंगळवारी सुनेला म्हटलं, एक जुनं गिऱ्हाईक आजारी आहे. सकाळच्या एसटीनं औशावरून निलंग्याला गेले. पिठाची गिरणी कोणीही दाखवली. तिच्यामागच्या बोळात विचारलं, "सुलोचनाबाई इथंच राहतात का?" तिशीतली एक बाई दारात आली. रेणुका तिचं नाव, गोदाची सून.

"हाव, इथंच. पण त्यांला बोलता येत न्हाई. दिवाळीला लकवा मारला. तुमी कोण?"

"हदगावची मैत्रीण त्यांची."

"अगं बाई! माहेरचं कुनी येतच न्हाई हो त्यांच्याकडं. या, या आत."

गोदा खाटेवर होती. मी ओळखलं असतं का, माहीत नाही. पण तिनं मला ओळखलं. डोळे माझ्यावर आले ते हललेच नाहीत. मी रेणुकाला विचारलं, घरात कॉम्प्युटर आहे का? ती हसली. एकच फोन, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा शेतात. "ह्यांचा उजवा हात गेलाय. लिहिनं न्हाई, बोलनं न्हाई. दुपारी जेवन झालं की डोळे मिटून पडत्यात आन् ओठ हालत्यात तास-दोन तास. आमी म्हन्तो, जप करून राहिल्यात."

रेणुका चहा टाकायला आत गेली. मी खाटेशी खाली बसले आणि म्हटलं, "गोदे, तुझे हात थरथरत नव्हते. मी त्यांला खिडकीतून बघितलं होतं. मी मुद्दाम केलं. मला माफ कर." तोंडातून शब्द बाहेर पडले आणि मी हमसून रडले. मिस्टर गेले तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते. गोदाच्या डोळ्यांतून पाणी नाही आलं. ती नुसती बघत होती.

रेणुकानं दुधात कुस्करलेली भाकरी आणली आणि वाटी माझ्या हातात दिली. "भरवा तुमी, त्यांला बरं वाटंल." मी घास पुढं केला. गोदानं ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा केला, पुन्हा तेच. रेणुका ओशाळली, तिनं वाटी घेतली. तिच्या हातनं गोदा सगळं जेवली.

निकहतनं नंतर बरीच कारणं शोधली. कोणीतरी चेष्टा केली असेल - पण चंपा हे नाव लातुरात कोणाला ठाऊक आहे? मी ते सुलोचना नाव कुठल्यातरी लग्नात ऐकून विसरले असेन - पण पडद्यावर ते तिनंच आधी वाचलं होतं. शेवटी ती म्हणाली, "काकू, मला न्हाई म्हाईत." मलाही नाही. त्यानंतर त्या पट्टीत मी किती वेळा लिहिलं. खाली यादी येते - बस, गुडघे, सोन्याचा भाव. बाकी काही नाही. तुमच्यात कोणी शिकलेलं असेल, त्यानं खुशाल समजावून सांगावं. फक्त झालंच नाही, असं म्हणू नये.

मंगळवारी मी आता वर्गाला जात नाही, निलंग्याला जाते. मुलाला सगळं सांगितलं. तो आता एसटीपर्यंत सोडायला येतो. दुसऱ्या खेपेला गोदानं ओठ मिटले, तिसऱ्यालाही. चौथ्या वेळी रेणुका म्हणाली, "मावशी, कशाला जिवाला लावून घेता, मी भरवते की." मी म्हटलं, असू दे, तिचा हक्क आहे तो. गेल्या मंगळवारी पाचवी खेप. मी घास पुढं केला. गोदानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, आणि तोंड उघडलं.