पुलाजवळचा दम

८ जानेवारी २०२५, बुधवार. थंडी कडक. रिपोर्ट आला. लिव्हरवर चरबी, साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतक्याच वेगानं. हरभऱ्याची भाजी केली.

खुर्शीदाबींनी वही मिटली. भीती मात्र त्यांनी लिहिली नव्हती. चालायला होती ती उंद्री गावाबाहेरची एकच सडक, आणि त्याच सडकेवर, नाल्याच्या पुलापाशी, दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचे मालक रहेमतुल्ला पोट कमी करायला झपाझप चालता चालता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मुलगी यास्मीन फोनवर म्हणाली होती, "अम्मी, घाम निघाला तरच चरबी जळते." म्हणून त्या बुरख्याखाली कॅनव्हासचे बूट घालून निघत. बोलायला सोबत कोणी नसे, म्हणून मनातल्या मनात अल्लाहचं नाव जपत. जप चालू आहे, म्हणजे बोलता येतंय, असा त्यांचा हिशेब. पूल दिसला की मात्र पाय आपोआप पळू लागत. ती जागा कधी एकदा मागे पडते असं होई.

एका सकाळी पुलाजवळ मागून शेजारच्या बनाबाईंनी हाक मारली. "काऊन वो भाभी, यष्टी सुटून राह्यली का तुमची?"

खुर्शीदाबींनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. छातीत धाडधाड, कानात सूं सूं. त्या पुलाच्या कठड्याला टेकल्या. रहेमतुल्ला बसले तोच कठडा. आता आपलीही वेळ आली, असं वाटून त्यांनी बनाबाईंचं मनगट घट्ट धरलं.

थोड्या वेळानं शब्द आले. "डॉक्टर म्हणाले होते, बोलता आलं पाहिजे. मी तर जप करतच होते. मनात."

"मनातल्या जपाले दम लागते का, बाई?" बनाबाई म्हणाल्या. "चला, आधी दवाखान्यात."

दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली. ती चांगली आली, तरी खुर्शीदाबी पुन्हा पुन्हा पुलाचंच सांगत राहिल्या. डॉक्टरांनी समजावलं, "जोरात चाललं की एकूण जास्त जळतं, हे खरं. पण तेव्हा शरीर साखरेवर जास्त धावतं. बेताच्या चालीत चरबीचा वाटा मोठा असतो, आणि ती चाल रोज टिकते. घामावर जाऊ नका. तुम्हाला पळवते ती भीती."

दोन दिवसांनी बनाबाई दारात उभ्या. "हे पाहा, जप मोठ्यानं. मले ऐकू आला पाहिजे."

खुर्शीदाबी निघाल्या. पूल आला तसा आवाज बारीक झाला, शब्द तुटू लागले.

"आवाज गेला. हळू," बनाबाई म्हणाल्या.

पळत सुटावं असं वाटत होतं. त्यांनी पाय आवरले. कठडा मागे पडेपर्यंत प्रत्येक पावलाला छातीत धडकी भरत होती. पण जप तोंडातून निघत राहिला, कापत का होईना.

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं : बुटांना चिखल लागला होता. धुतले. सकाळपर्यंत वाळावेत म्हणून पाणी तापवायच्या चुलीजवळ ठेवले.