साडेचार फुटांची अट

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. पण कुणी बांबू घेऊन उभं दिसलं, की ती आजही आठवते आणि माझं डोकं तापतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. पोलीस ठाण्याचंही नाही. रायगडच्या किनाऱ्यावर, किहीमपासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी, एवढं पुरे. मी तिथे प्रभारी निरीक्षक होतो आणि निवृत्तीला पाच महिने उरले होते. अशा वेळी अधिकाऱ्याची एकच इच्छा असते, की आता नवीन काही घडू नये.

नेमकं तेव्हाच मुंबईचे दोन तरुण परवानगीचा अर्ज घेऊन आले. आमच्याकडे गर्दी जमते ती जत्रेला, क्रिकेटच्या सामन्यांना, हळदीला आणि पुढाऱ्यांच्या सभेला. हे म्हणाले, "सर, फॅन कन्व्हेन्शन आहे." म्हणजे कार्टून, कॉमिक्स यांचे चाहते त्या पात्रांसारखे कपडे घालून दोन दिवस एका रिसॉर्टच्या नारळीच्या वाडीत जमणार, पोस्टरं, बाहुल्या, पुस्तकं विकत घेणार आणि एकमेकांचे फोटो काढणार. मी म्हटलं, काढा बापडे.

"आणि सर, एक छोटा टेंट ॲडल्ट मर्चंडाइजचा असेल. पडद्याच्या आत."

"म्हणजे काय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे सर... मोठ्यांसाठीची आर्टबुक्स, पोस्टर्स. एटीन प्लस."

"मग अठराच्या खालचं एकही पोर आत जाता कामा नये. वयाचा पुरावा बघूनच सोडायचं. समजलं?"

"शुअर सर."

'शुअर सर' म्हणणारा माणूस ऐकत नसतो, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं. ठाण्यात परवानग्यांचं काम गोपनीय शाखेचा हवालदार बघतो. त्याने ना-हरकत पत्र तयार केलं, दुसऱ्या दिवशी ते सहीच्या गठ्ठ्यात आलं, मी सही केली. त्या गठ्ठ्यात आणखी पंधरा-वीस कागद होते.

मेळावा शनिवार-रविवारी शांततेत पार पडला. दोन होमगार्ड आणि एक अंमलदार एवढ्यावर बंदोबस्त भागला. सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलतो न उचलतो, तोच एक डंपरमालक माझ्या केबिनमध्ये घुसले. त्यांचे आजोबा मिठागरात राबले. यांच्या दारात आता सहा डंपर उभे असतात. सुके बोंबील बांधतात तसं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या टेबलावर आपटलं.

"सायेब, ह्या बगा. माज्या पोराच्या दप्तरान काय गवसला!"

मी दोन पानं उलटली आणि पुस्तक बंद केलं. आत काय होतं ते सांगण्याचं कारण नाही. असा माल विकणं कायद्यात कितपत बसतं, ते वकील आणि न्यायाधीश बघतील. माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता, की ते नववीतल्या मुलाच्या हातात गेलं कसं.

"आज सांजपावतर कनाला तरी आत घातला न्हाय, त माज्या गाऱ्या रस्त्याला आरव्या लावीन!" डंपरमालक गरजले.

पोरगा बापाच्या मागे उभा होता. चौदा वर्षांचा, पण उंची पावणेसहा फुटांची, आणि मान खाली.

"तुला तंबूच्या दारात कुणी तपासलं?"

"हो."

"तपासून सोडलं?"

"हो."

"कुणी?"

"मावशींनी."

यापुढे तो बोलेना. बापाला बाहेर बसवून दोन मिनिटं विचारलं असतं, तर सगळं प्रकरण तिथेच उलगडलं असतं. बापासमोर पोर कधी बोलत नाही, हे मी नव्या फौजदारांना शिकवत आलो होतो. पण मला घाई होती आणि रस्त्यावर आडवे लागलेले सहा डंपर डोळ्यांपुढे दिसत होते. मी तक्रारी अर्ज घेतला, पुस्तक जप्त केलं, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आयोजकांना बोलावून घेतलं. ते अजून रिसॉर्टवर सामान आवरत होते.

दुपारी दोघं आले. मी फैलावर घेतलं. आधी ते प्रोसेस, व्हॉलंटियर, मॅनेजमेंट असल्या शब्दांआड लपले.

"सर, आम्ही बोर्ड लावला होता, एटीन प्लसचा."

"बोर्ड वाचून चौदा वर्षांचा पोरगा माघारी फिरतो का? दारावर कोण होतं?"

"सर, ती लोकल आंटी. रिसॉर्टच्या कॉन्ट्रॅक्टरनं दिली. मिस्टेक तिची आहे. आम्ही तर पोलिसांच्या कंडिशन्स तिला तशाच्या तशा दिल्या होत्या."

"पोलिसांना मध्ये आणू नका!" मी टेबलावर हात आपटला. खरं तर त्यांच्या त्या 'कंडिशन्स'वर मी थांबायला हवं होतं.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन. डंपरमालक त्यांच्यापर्यंत पोचले होते. "दारावरची बाई आहे ना? तिच्यावर गुन्हा घ्या आणि मोकळे व्हा. निवृत्तीला किती राहिले तुमचे?"

"पाच महिने, सर."

"मग कशाला घोळ घालता?"

मावशींना आणलं. साठीला टेकलेली बाई, घट्ट नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. रेवदंड्याच्या. आसपासच्या गावांच्या जत्रांत त्यांचा आकाशपाळणा लागतो. चौलच्या जत्रेला तर त्यांच्या पाळण्याशिवाय जत्रा वाटत नाही. गर्दी कशी अडवायची ते या बाईला कळतं, म्हणून कंत्राटदाराने त्यांना तंबूच्या दारावर उभं केलं होतं. त्या हातात एक उंच बांबू घेऊन आल्या. ठाण्यात काठी आणायची नाही, असं म्हणून पहाऱ्यावरच्या शिपायाने तो बाहेर भिंतीला टेकवून ठेवला. त्याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं.

महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"मावशी, तुम्ही लहान मुलं आत सोडलीत."

"बारका एक न्हाय सोरला."

"हा डंपरवाल्यांचा मुलगा नववीत आहे!"

"त्यो बारका हाय? सायेब, त्यो तुमच्याहून उंच हाय."

महिला अंमलदार खाली बघून हसली. माझा पारा चढला. "नीट उत्तर द्या. प्रत्येकाला तपासायचं सांगितलं होतं ना?"

"तपासल्याबिगर एक मानूस आत गेला न्हाय. कागदान व्हता तसाच केला."

"कसला कागद?"

"तुमचा."

सकाळपासून जो तो पोलिसांचं नाव पुढे करत होता. मी खुर्चीवरून उठलो. "आता पुरे! मुकाट्याने कबूल करा, नाहीतर गुन्हा दाखल करून अटक दाखवतो."

बाई घाबरल्या नाहीत, पण आवाज खाली आला. "सायेब, जत्रा म्हयन्यावर आली. माज्यावर केस झाली त मना पाळना लावू देतील?"

"नाही," मी म्हणालो. "गुन्हा दाखल असलेल्याला परवानगी मिळत नाही."

"घरान सात मानसा हाईत. जत्रांवं चालता आमचा."

"मग मुलं सोडताना तो विचार करायचा होता."

हे वाक्य मी बोललो. आज लिहायला लाज वाटते, पण बोललो. तासभर तेच ते. मी एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारायचो, त्या एकच उत्तर द्यायच्या. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी काहीतरी बदलतो, काही जोडतो. या बाईंनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं, तरी मी हवालदाराला फिर्याद टाइप करायला सांगितली.

तेवढ्यात ठाणे अंमलदार दारात घुटमळला. "साहेब, एक बँकवाले आलेत. शनिवारीही आले होते, त्याच मेळाव्याची तक्रार घेऊन. तेव्हा... आम्ही जरा परत पाठवलं होतं."

"परत पाठवलं, की हसून घालवून दिलं?"

मी आत पाठवायला सांगितलं. बँकेचे अधिकारी, वय छत्तीस, अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा रागाने लाल, आणि उंची चार फूट चार इंच.

"साहेब, मला त्या तंबूत जाऊ दिलं नाही. पॅन कार्ड दाखवलं, आधार दाखवलं, बँकेचं ओळखपत्र दाखवलं. बघितलंसुद्धा नाही. चारचौघांत मला म्हणाल्या, 'बाळा, पुढल्या वर्षी ये.' अहो, मला दोन मुलं आहेत!" तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "ह्याच! ह्याच त्या!"

मावशी कळवळून म्हणाल्या, "आवं, तुमी पट्टीच्या खाली व्हते. मी काय करू?"

"कसली पट्टी?" मी विचारलं.

"बांबूवरची. भायेर ठेवायला लावलाव ना तुमी."

मी स्वतः बाहेर गेलो. दोन तास तो बांबू ठाण्याच्या भिंतीला टेकून उभा होता आणि माझे चार अंमलदार त्याच्या शेजारी उभे राहून चहा प्यायले होते. बांबूवर साडेचार फुटांवर लाल रंगाचा पट्टा. पाळण्यात बसणाऱ्याला त्याच्याशेजारी उभं करतात. डोकं पट्ट्याच्या वर गेलं तर बसू देतात, नाहीतर माघारी. तंबूच्या दारावर बाईंनी दोन दिवस हेच केलं होतं. म्हणजे पाचवी-सहावीच्या पुढचं कुठलंही पोर आत जाऊ शकत होतं, आणि बँकेचा अधिकारी जाऊ शकत नव्हता.

आणि त्या बांबूला सुतळीने एक कागद बांधलेला होता, लॅमिनेट केलेला. पाळणेवाले पोलिसांचा कागद असाच ठेवतात. पावसापाण्यात टिकतो आणि कुणी विचारलं की तोंडावर दाखवता येतो.

मी तिथेच उभ्याने वाचला. विषय: फॅन कन्व्हेन्शन आयोजित करण्यास ना-हरकत. खाली चौदा अटी. अट क्रमांक नऊ: साडेचार फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना कोणत्याही परिस्थितीत प्रवेश देऊ नये. अट क्रमांक अकरा: पाळण्याचे नट-बोल्ट दररोज तपासावेत. 'वय' हा शब्द चौदा अटींत कुठेही नव्हता. शेवटी ठाण्याचा गोल शिक्का आणि माझी सही.

गोपनीयच्या हवालदाराला हाक मारली.

"साहेब, असल्या कार्यक्रमाचा नमुना आपल्याकडे नव्हता. जत्रेचाच घेतला, वरचं नाव बदललं."

"आणि वाचला नाहीस?"

"साहेब," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सहीला तुमच्याकडेच आला होता ना."

यावर काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मावशी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "मना वाचता येत न्हाय, सायेब. पन पोलिसांच्या कागदाबिगर मी कंच्याबी दारावं उभी रहात न्हाय. त्या पोरांकरून झेरॉक्स मागून घेतली. सुनेनं वाचून दावली. त्यात बोलला, उंची बगा. मी उंची बगली."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पाप आलं. कार्यालयीन प्रत माझ्याच कपाटात होती. ती बदलायला दहा मिनिटं पुरली असती. बाईंजवळचा आणि आयोजकांकडचा कागद मुद्देमाल म्हणून जप्त करायचा आणि गहाळ होऊ द्यायचा, हेही नवं नाही. वरिष्ठांना बाई हवी होती, डंपरमालकांना कुणीही चाललं असतं, आणि मला पाच महिने शांत हवे होते. मी कागद हातात धरून उभा होतो. मावशींनी तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला, माझ्या बोटांचे डाग पदराने पुसले आणि पुन्हा सुतळीला बांधला.

"तुमचा कागद हाय," त्या म्हणाल्या. "नीट ठेवायला नको?"

मी आत गेलो आणि फिर्यादीचा मसुदा फाडला. गुन्हा दाखल केला तो आयोजकांवर आणि तंबूतल्या स्टॉलवाल्यावर. आयोजकांना मी वयाचं तोंडी बजावलं होतं, आणि पुस्तक विकताना स्टॉलवाल्याला समोर पोरगा दिसत होता. मावशींचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. वरिष्ठांना अहवाल पाठवला, त्याला माझ्या सहीच्या पत्राची प्रत जोडली आणि अट क्रमांक नऊखाली स्वतःच्या हाताने रेघ ओढली. तो वाचून त्यांनी फोन केला. म्हणाले, "तुम्हाला हौस आहे." पुढे मला लेखी समज मिळाली. तीस वर्षांतली पहिली.

डंपरमालकांना कळल्यावर ते डोक्याला हात लावून बसले. "आता सायेबावंच मोर्चा काराचा काय?" गाड्या मात्र आडव्या लागल्या नाहीत. बँकवाल्यांची मावशींनी माफी मागितली आणि जत्रेत पाळण्यात फुकट बसवीन म्हणाल्या. ते म्हणाले, "तिथेही हाच बांबू असेल ना?"

लोक मला विचारतात, या केसने काय शिकवलं. आपला समज असा, की कागद न मानणारा माणूस गुन्हेगार. पण कागद शब्दाला शब्द मानणारी माणसं गरीब असतात, आणि कागद चुकला की पहिला हात त्यांच्याच मानेवर पडतो. माझाही पडला होता. राग मला आयोजकांचा आला, हवालदाराचा आला, पण सगळ्यात जास्त माझ्या सहीचा आला. ती सही मी वर्षानुवर्षं बोलता-बोलता, फोन कानाला लावून करत आलो होतो.

तीन आठवड्यांनी मावशी जत्रेची परवानगी न्यायला आल्या. हवालदाराने कागद माझ्यापुढे ठेवला. मी पेन उचललं.

"थांबा सायेब," त्या म्हणाल्या. "आदी वाचून दावा."

ठाणे अंमलदाराने लिहिणं थांबवलं. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागलो, पहिल्या अटीपासून. नट-बोल्ट झाले, उंची झाली. बाराव्या अटीत होतं, मिरवणुकीत हत्ती आणल्यास वन विभागाचा दाखला जोडावा.

"हत्ती?" मावशींनी विचारलं. "माज्याकरं हत्ती कंचा?"

मी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने छताकडे पाहिलं. मी ती अट खोडली, शेजारी आद्याक्षरं केली, आणि उरलेल्या दोन अटी वाचून संपवल्या. मावशींनी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता करा सही."