आडनावाचा रिकामा रकाना

मंडळी, आज सकाळी हैदराबादच्या विमानतळावरून आमच्या जैनबखालाला परत पाठवलं. आत्ता आम्ही नायगावच्या बसमध्ये आहोत. खाला खिडकीकडं तोंड करून बसलीय.

तीस वर्षं खालानं नायगावातल्या बाळंतिणींची मालिश केली. तिची स्वतःची लेक आखातात असते. पुढच्या आठवड्यात तिचं पहिलं बाळंतपण. व्हिसा आला, तिकीट निघालं, मी सोडायला गेलो.

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उलटापालटा करून बघितला. "आडनाव कुठंय? एकच नाव असलं तर तिथं प्रवेश देत नाहीत."

खाला म्हणाली, "माय, मला जैनबबीच म्हणतेत. सगळं गाव वळखतंय."

"गावात चालतं मावशी, तिथं नाही."

चूक माझी आहे. ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान माझं. खालाचा पासपोर्टचा फॉर्म मीच भरला. तेव्हा तिनं विचारलं होतं, "आडनाव बापाचं लिहितो का नवऱ्याचं? तूच बघ बाबा." मागं गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी रकाना रिकामा सोडला. तिकीट काढतानाही त्या देशाचे नियम वाचले नाहीत.

बसमध्ये लेकीचा फोन आला. खाला म्हणाली, "विमानच बिघडलंय गं. चार दिवसानं येते." माझ्याबद्दल तिनं एक शब्द काढला नाही.

नवा पासपोर्ट चार दिवसांत होत नाही, हे मी खालाला सांगितलंय. आता त्या पोरीला खरं कोण सांगणार? मीच सांगायला पाहिजे ना? कसं सांगू, तेवढं सांगा.